प्रदर्शनासाठी खिल्लार खोंड: निवड, खुराक आणि मैदानाची तयारी

प्रदर्शनात पहिला येणारा खोंड बहुतेक वेळा विकत घेतानाच ठरलेला असतो. पुढचं वर्षभर आपण त्याला जे खाऊ घालतो आणि चालवतो, त्याने फक्त त्याच्या अंगात जे आहे ते बाहेर येतं. पाठीची लांबी, पायांचा सरळपणा, शिंगांची बैठक, तोंडाची ठेवण आणि स्वभावाचा मूळ कल या गोष्टी कोणत्याही पेंडीने बदलत नाहीत. भरलेलं अंग, केसांची चमक, खुरांची निगा, चाल आणि माणसाळलेपणा मात्र गोठ्यात घडवता येतो. म्हणून खरेदीच्या दिवशी जे घडवता येणार नाही त्याचेच पैसे मोजायचे. गुबगुबीत पण आखूड वासरापेक्षा हडकलेलं, लांब अंगाचं, सरळ पायांचं वासरू केव्हाही चांगलं, आणि ते स्वस्तही पडतं.

इथे सगळं खिल्लारबद्दलच लिहितो आहे. देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या जातींच्या कसोट्या वेगळ्या आहेत. देवणीची गळ्याखाली लोंबणारी कातडी, म्हणजे पोळी, कौतुकाची असते, तर खिल्लारला तीच दोष ठरते.

आधी तारीख, मग खोंड

प्रदर्शनात जनावरांचे गट दातांवर पडतात. दुधाचे दात न पडलेला तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला, म्हणजे सगळे कायमचे दात आलेला. खिल्लारला पहिले दोन कायमचे दात साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान येतात, आणि इथेच अनेकांचं गणित चुकतं. बावीस महिन्यांचा धिप्पाड आदत खोंड घेतला तर तो ऐन प्रदर्शनाआधी दात पाडतो आणि त्याच्याहून वर्षभर मोठ्या जनावरांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

माणदेशातला आणि आसपासचा हंगाम हिवाळ्याचा. पंढरपूरच्या कार्तिकीचा बाजार, मग पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, संक्रांतीला सोलापूरची गड्डा यात्रा, खरसुंडीची पौषी यात्रा. पुढच्या हिवाळ्यात आदत गटात उतरायचं असेल तर या हिवाळ्यात आठ ते दहा महिन्यांचा खोंड घ्यावा. मैदानात जाईल तेव्हा तो वीस-बावीस महिन्यांचा, अंगाने भरलेला आणि दात पाडायच्या आतला असेल. खरेदीआधी त्या यात्रेचे गट आणि नियम कमिटीकडून विचारून घ्या. काही ठिकाणी आदतमध्येही वयाचे दोन भाग करतात.

शर्यतीचं आणि प्रदर्शनाचं जनावर एकच, असं धरून चालू नका. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा शर्यतीचा कायदा कायम ठेवला. धावणाऱ्या खोंडांचे भाव तेव्हापासून चढेच आहेत आणि त्या नादात चांगल्या बांध्याचे खोंडही शर्यतीच्या हिशेबाने विकले जातात. पळणारा खोंड हलका, कडक, थोडा बिथरलेला चालतो. प्रदर्शनाचा खोंड भरदार आणि शांत लागतो. एकाच जनावराकडून दोन्ही करून घेणारे लोक आहेत, पण पहिल्याच खोंडावर हा प्रयोग करू नये.

कुठे घ्यायचा

सगळ्यात चांगली जागा म्हणजे पैदास करणाऱ्याचा गोठा. आटपाडी, सांगोला, माण, जत या पट्ट्यात घरच्या खिल्लार गाई राखणारी कुटुंबं अजून आहेत. तिथे खोंडाची आई दिसते, कधी मागच्या वेताचा भाऊ दिसतो, बाप कोणता वळू ते कळतं. आईची पाठ लांब, पाय सरळ आणि स्वभाव गरीब असेल तर अर्धी शंका मिटली. खोंड किती महिने आईला पीत होता हेही विचारा. दूध विकण्यासाठी लवकर तोडलेलं वासरू उंचीला थोडं मागे राहतं आणि ती कसर पूर्ण भरून निघत नाही.

बाजारातून घ्यायचा असेल तर सांगोल्याचा रविवारचा बाजार किंवा वर सांगितलेल्या यात्रा आहेतच. निवड भरपूर असते, पण तिथे जनावर सजवून उभं केलेलं असतं. मीठ चारून वर पाणी पाजलं की पोट गच्च भरतं आणि भुकेचे खड्डे दिसेनासे होतात. तेलाचा हात फिरवला की कातडी चमकते. म्हणून सकाळी लवकर जा, खोंड दावणीवरून उतरवताना पाहा. आवडला तरी लगेच जवळ जाऊ नका, तासाभराने पुन्हा लांबून पाहा. हेड्याशी, म्हणजे जनावरांच्या दलालाशी, बोलणी करताना बरोबरचा माणूस गप्प राहणारा असावा. रुमालाखाली बोटं धरून सौदा करायची सवय नसेल तर सरळ तोंडी बोला, त्यात कमीपणा नाही.

कागदाचं विसरू नका. कानात बारा अंकी बिल्ला असलाच पाहिजे. तो नंबर मालकाच्या नावाशी जुळतो का ते पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासता येतं. बाजार समितीची पावती घ्या. त्यावर रंग, शिंगं, दात आणि बिल्ल्याचा नंबर लिहून घ्या. गाडीत घालून नेणार असाल तर पशुवैद्यकांचा आरोग्य दाखला बरोबर हवा. रस्त्यात अडवलं तर नुसतं तोंडी सांगणं पुरत नाही.

खोंड पाहायचा कसा

आधी दहा-पंधरा पावलांवरून बाजूने पाहा. पाठ वशिंडामागून पुठ्ठ्यापर्यंत सरळ, अंग लांबट आणि नळकांड्यासारखं गोल. पोट खाली सुटलेलं नको, कुशीत खोल गेलेलंही नको. वशिंड घट्ट आणि मधोमध, एका बाजूला कललेलं नाही. गळ्याची पोळी लहान, कमी घड्यांची. बेंबी आणि मुतण्याची पिशवी पोटाला चिकटून. ती लोंबत असेल तर परीक्षक पहिल्या फेरीतच खोंड बाजूला काढतो. शेपूट बारीक होत जाणारं आणि काळा गोंडा मागच्या गुडघ्याच्या जरा खाली.

मग समोर या. खिल्लारचं डोकं लांबट आणि अरुंद असतं, कपाळ शिंगांकडे हळूहळू मागे झुकतं आणि मधून एक उभी पन्हळ जाते. शिंगं मुळाशी जवळजवळ, आधी मागे आणि मग धनुष्यासारखी वर. दहा महिन्यांच्या खोंडात शिंग बोटभरच असतं, तरी दोन मुळांमधलं अंतर आणि निघायची दिशा दिसते. बाहेर फाकलेलं मूळ पुढे आत येत नाही. कान लहान, टोकदार, आडवे. डोळे लांबट, कडा काळ्या.

रंगावर गावोगाव वाद असतात. काजळी, कोसा, पांढरा असे आवडीचे प्रकार आहेत. म्हसवड भागातल्या नरात पुढचा आणि मागचा भाग गडद होतो. तापी खोऱ्यातल्या खिल्लारचं नाक आणि खूर गाजरी रंगाचे असतात. तो त्या प्रकाराचा गुण आहे, पण माणदेशी गटात तसा खोंड उतरवलात तर मार्क जातील. वासरं जन्मतात तेव्हा टाळूवर तांबूस छटा असते आणि ती दोन-तीन महिन्यांत जाते. दहा महिन्यांच्या खोंडाच्या टाळूवर ती अजून ठळक असेल तर आई-बापाची चौकशी करा.

पायांसाठी सगळ्यात जास्त वेळ द्या. कडक जमिनीवर, शक्यतो दगडी फरशीवर किंवा डांबरावर, त्याला सरळ चालवायला सांगा. मागून पाहताना मागचे गुडघे एकमेकांना घासत असतील तर तो खोंड सोडा. बाजूने पाहताना मागचा खूर पुढच्या खुराच्या खुणेवर किंवा थोडा पुढे पडायला हवा. खूर काळे, घट्ट, दोन्ही नख्या सारख्या. सरळ मागच्या पायाचा, म्हणजे गुडघ्यात वाक नसलेला खोंड उभा असताना देखणा दिसतो आणि वजन चढलं की लंगडतो. माझ्या मते हा सगळ्यात फसवा दोष आहे, कारण तो दहा महिन्यांच्या वयात ऐट वाटतो.

शेवटी हात लावून पाहा. कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसावी. दोन्ही अंड खाली उतरलेले आणि सारखे. डोळ्यासमोरून हात फिरवा. शेपटाखाली हगवणीचे डाग, नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर चामखीळ, लम्पीच्या जुन्या गाठींचे वण, कानात आणि जांघेत गोचीड, हे सगळं बघायचं. वण म्हणजे खोंड आजारी असं नाही, पण चमकत्या कातडीच्या स्पर्धेत ते दिसतात. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांच्या शुभ-अशुभावर परीक्षक मार्क देत नाही, पुढचा गिऱ्हाईक मात्र भाव पाडतो. विकायचा विचार असेल तर तेही पाहून घ्या.

आणि स्वभाव. अनोळखी माणूस जवळ गेल्यावर खोंडाने कान टवकारून पाहावं, दोन पावलं मागे सरकावं, हे ठीक. डोळ्याचं पांढरं दाखवून दाव्याला झटके देत राहिला आणि पंधरा मिनिटांतही शांत झाला नाही, तर किंमत कितीही कमी असो, नको.

पहिले तीन आठवडे

घरी आणलेला खोंड २१ दिवस इतर जनावरांपासून लांब बांधायचा. गव्हाण वेगळी, बादली वेगळी, आणि त्याचं काम शेवटी करायचं. पहिले चार-पाच दिवस फक्त कडबा, थोडी वैरण आणि पाणी. जुना मालक काय चारत होता ते विचारून तेच चालू ठेवा. खुराक वाढवायची घाई इथेच होते आणि इथेच पोट बिघडतं.

या काळात शेण तपासून पशुवैद्यकांच्या सल्ल्याने जंताचं औषध आणि गोचिडाचा बंदोबस्त. कधी दिलेल्या लसींची खात्री नसेल तर वेळापत्रक नव्याने लावा. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, लम्पीची वर्षातून एकदा. प्रदर्शनाच्या निदान तीन-चार आठवडे आधी सगळ्या लसी उरकलेल्या असाव्यात. लसीनंतर ताप, टोचल्या जागी गाठ, खाणं कमी होणं असे दोन-चार दिवस जातात, शिवाय संरक्षण तयार व्हायलाही वेळ लागतो.

खुराक

वजन माहीत नसेल तर खुराक अंदाजाने दिला जातो. काटा नसला तरी टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचात मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, की वजन किलोत येतं. घेर ५२ आणि लांबी ४६ असेल तर साधारण १८८ किलो. आकडा अगदी काटेकोर नसतो. दर पंधरा दिवसांनी सकाळी उपाशीपोटी मोजून वहीत लिहिलं तर वाढ होते की नाही ते मात्र स्पष्ट दिसतं. चांगल्या खिल्लार खोंडाने दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम वाढावं. त्याहून जास्त रेटलं तर हाडाच्या आधी चरबी चढते.

कोरड्या मापाने, म्हणजे खाद्यातलं पाणी वगळून, वजनाच्या अडीच ते तीन टक्के खाद्य लागतं. २०० किलोच्या खोंडाला दिवसाला दहा ते बारा किलो हिरवी वैरण, दोन किलो कडबा कुट्टी आणि दीड किलो आंबोण, म्हणजे भरडा, पेंड आणि कोंड्याचं मिश्रण. ३०० किलोच्या पुढे पंधरा किलो हिरवं, तीन किलो कडबा, अडीच किलो आंबोण. हिरव्यात मका किंवा हत्ती गवत मुख्य ठेवा आणि लसूणघास वा मेथीघास दोन-तीन किलोच्या आत. नुसता कोवळा लसूणघास पोटभर चारला तर पोट फुगतं.

आंबोणाचं शंभर किलोचं मिश्रण घरी असं करता येतं: मका भरडा ३५ किलो, शेंगदाणा पेंड १५, सरकी पेंड १५, हरभरा किंवा तूर चुनी १५, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. सरकी पेंड यापेक्षा वाढवू नका. तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी घटकाचा नराच्या वीर्यावर परिणाम होतो, आणि हाच खोंड उद्या वळू म्हणून ठेवायचा असेल तर ते महागात पडेल. शेंगदाणा पेंडीला बुरशीचा वास आला तर ती गाईलाही घालू नका.

आंबोण दिवसातून दोनदा, वैरणीनंतर. वाढवायचं असेल तर आठवड्याला पाव किलोच्या हिशेबाने. एकदम दोन-तीन किलो भरडा जास्त गेला की पोटात आम्ल वाढतं, खोंड सुस्त होतो, पातळ हगतो, आणि त्यातून वाचला तरी महिन्याभराने खुरात गरमी येऊन लंगडतो. प्रदर्शनाच्या आदल्या महिन्यात लंगडणाऱ्या खोंडांपैकी बऱ्याच जणांचं मूळ तिथे असतं.

दुसरा धोका मूतखड्याचा. धान्य आणि कोंडा यांत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी असतं. ते प्रमाण बिघडलं, त्यात हिवाळ्यात पाणी कमी प्यालं, की नराच्या अरुंद मूत्रमार्गात खडा अडकतो. लवकर खच्ची केलेल्या खोंडात हा त्रास जास्त, कारण नळी रुंद व्हायची राहते. कॅल्शियम फॉस्फरसच्या जवळपास दुप्पट असावं. म्हणून खनिज मिश्रण चुकवू नका, मीठ तोडू नका आणि थंडीत कोमट पाणी तीनदा दाखवा. खोंड शेपूट उचलून कळा देतो, पाय झाडतो आणि लघवी थेंब थेंब होते, असं दिसलं की त्याच तासाला डॉक्टर.

अंडी, दूध, तूप, बदाम यांच्या गोष्टी प्रत्येक यात्रेत ऐकू येतात. मोठ्या खोंडाला त्यांची गरज नसते. पैसे जास्त असतील तर चांगला कडबा जास्त साठवा. इंजेक्शनं देऊन अंग फुगवणारेही भेटतात. त्यांच्या खोंडाचे पाय सहा महिन्यांनी बघा.

चाल, वेसण आणि माणसाळणं

रोज सकाळी तीन-चार किलोमीटर चाल हवीच. दोन महिने सपाट मातीचा रस्ता, मग थोडा चढ. चढाने मागचा पुठ्ठा भरतो आणि पाठ बसते. नदी किंवा तळं जवळ असेल तर आठवड्यातून दोनदा पोहणी. पायावर भार न येता छाती मोकळी होते. बांधून खाऊ घातलेला खोंड वजनात भरतो, पण परीक्षकाने बरगडीवर हात ठेवला की मऊ लागतो.

पहिले काही महिने म्होरकीवरच, म्हणजे तोंडाभोवती बांधलेल्या दोरीवरच, चालवा. वेसण वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान, थंडीच्या दिवसात, जाणत्या हाताकडून किंवा पशुवैद्यकाकडून घालून घ्यावी. भोक नाकातल्या पडद्याच्या पुढच्या मऊ भागात पडलं पाहिजे, कूर्चेत नाही. जखम भरेपर्यंत पंधरा दिवस कासरा म्होरकीलाच. पडदा सुजलेला असताना ओढलेला खोंड पुढे कायम डोकं झटकतो.

उभं राहायला शिकवणं हे वेगळं काम आहे. रोज दहा मिनिटं पुरतात. पुढचे दोन्ही पाय जोडीला, मागचा एक पाय बोटभर मागे, मान वर, पाठ ताठ. पाय हलवायचा असेल तर कासऱ्याने मान किंचित मागे-पुढे करायची, लाथ किंवा काठी नको. नीट उभा राहिला की गुळाचा खडा. रोज वेगळ्या माणसाने तोंड उघडून दात पाहावेत, पाय उचलावेत, पाठीवर हात फिरवावा. मैदानात परीक्षक नेमकं हेच करतो.

आवाजाची सवय सगळ्यात उशिरा आठवते. हलगी, भोंगा, फटाके, माणसांची गर्दी. आधी लांबून रेडिओ लावा, मग गोठ्याजवळ, मग आठवडी बाजाराच्या कडेने फिरवून आणा. मोठ्या यात्रेआधी गावातल्या लहान प्रदर्शनात एकदा उभा करून पाहा, तिथे नंबर येवो न येवो.

शेवटचा महिना

नवीन खाद्य नाही. आंबोण वाढवणं बंद. अंग रोज खराऱ्याने घासायचं, आठवड्यातून एकदाच साबणाने धुवायचं. रोजच्या साबणाने कातडीचं तेल जातं आणि केस राठ दिसतात. खूर तीन आठवडे आधी तासून घ्या, म्हणजे चालण्यात रुळायला वेळ मिळतो. शिंगं साळायची असतील तर तेव्हाच, आणि हलक्या हाताने. शिंगाच्या आत जिवंत गाभा असतो. टोक लांब दिसावं म्हणून खोल तासलेलं शिंग रक्ताळतं आणि माश्या बसतात. झूल, गोंडे, बेगड मिरवणुकीसाठी ठेवा. परीक्षणाच्या वेळी अंग उघडं हवं. पायाचा व्यंग झाकायला बांधलेले चाळ अनुभवी परीक्षक पहिल्यांदा सोडायला लावतो.

गाडीत वाळू किंवा काड पसरून, तोंड पुढे करून बांधा. निघण्याआधी आंबोण नको, थोडा कडबा चालेल. एक दिवस आधी पोचा. घरचं पाणी दोन कॅन बरोबर घ्या, कारण अनोळखी पाण्याला काही खोंड तोंडही लावत नाहीत. मैदानातल्या सामायिक हौदावर पाजू नका.

परीक्षणात खोंडाकडे पाहा, परीक्षकाकडे नाही. तो समोर असताना कासरा सैल ठेवा. घट्ट धरलेल्या कासऱ्याने खोंडाची मान आखूड दिसते. चालवताना त्याच्या वेगाने चाला, पुढे ओढू नका. निकालानंतर गर्दी ओसरली की परीक्षकाला दोन प्रश्न जरूर विचारा: कुठे कमी पडला आणि पहिला आलेला कुठे सरस होता. बहुतेक परीक्षक मोकळेपणाने सांगतात आणि पुढच्या खरेदीला त्याचा उपयोग होतो.

घरी आल्यावर पुन्हा २१ दिवस वेगळी दावण, रोज तोंड आणि खुरांची बेचकी पाहणं. आंबोण पंधरा दिवसांत हळूहळू निम्म्यावर आणा. मग ठरवायचं की दोन दातीला पुन्हा उतरवायचा, वळू म्हणून ठेवायचा की विकायचा. वळू ठेवणार असाल तर ब्रुसेलोसिस या संसर्गजन्य आजारासाठी रक्त तपासून घ्या आणि अडीच वर्षांच्या आत गाईवर सोडू नका. विकणार असाल तर हंगाम संपायच्या आत विका. फाल्गुनानंतर वैरण महागते आणि चांगल्या खोंडालाही गिऱ्हाईक हात आखडून बोलतं.